कडू-आंबट शीतपेये आणि मद्याचे 'अनुपान' : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी काय जाणून घ्यावे?

प्रस्तावना

प्रमेहाचा रुग्ण 'गोड वर्ज्य' हे पथ्य मनापासून पाळतो. समारंभात तो सरबत नाकारतो, आणि 'हे तर कडू आहे, मला चालेल' असे म्हणून टॉनिक वॉटरचा पेला हाती घेतो. त्या २०० मिलिलिटरच्या पेल्यातून त्याच्या पोटात सुमारे १६ ग्रॅम साखर जाते आणि कडू द्रव्य जाते ते अवघे १५ ते २० मिलिग्रॅम. जिभेला जे कडू लागले ते मात्रेने गोडच होते. कारले, मेथी, काडेचिराईत यांच्या कडू रसावर लोकांची असलेली श्रद्धा या बाटलीकडे अशी नकळत वळते.

टॉनिक वॉटर, बिटर लेमन, ग्रेपफ्रूटचे फसफसणारे पेय, कडू नारिंगाचे सोडायुक्त पेय अशी पेये पूर्वी मोठ्या शहरांतील पंचतारांकित हॉटेलांपुरतीच होती. २०१७ नंतर गोव्यात देशी जिनचे उत्पादन सुरू झाले, पाठोपाठ मुंबईतही टॉनिक वॉटर तयार करणाऱ्या नव्या कंपन्या निघाल्या, आणि ही पेये किराणा दुकानांत व घरपोच माल पोचविणाऱ्या सेवांवरही दिसू लागली. बहुतांशी ती मद्यात मिसळण्यासाठी, म्हणजे 'मिक्सर' म्हणून घेतली जातात. मद्य न घेणारेही ती नुसती पितात. आपल्या रुग्णांच्या आहारात ती शिरली आहेत, परंतु आपल्या प्रश्नावलीत अद्याप आलेली नाहीत. यांतील दोन द्रव्ये विशिष्ट रुग्णांत औषधासारखी, प्रसंगी विषासारखी वागतात. म्हणून या पेयांचा घटकशः विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पेयांची कुळकथा

पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळविण्याची रीत इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये प्रसिद्ध केली. याकोब श्वेप्पे या घड्याळजीने १७८३ मध्ये जिनिव्हा येथे असे पाणी विक्रीसाठी तयार करण्यास आरंभ केला व पुढे १७९२ मध्ये तो लंडनला गेला. त्या काळी हे वायुयुक्त पाणी अग्निमांद्यावरील औषध म्हणूनच विकले जाई.

दुसरा धागा सिंकोनाच्या सालीचा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतील या वृक्षाची साल विषमज्वरावर सतराव्या शतकापासून युरोपात वापरात होती. १८२० मध्ये पॅरिस येथे पेलेतिये व काव्हांतू या औषधशास्त्रज्ञांनी तीतून क्विनीन, म्हणजे आपल्याकडील जुन्या पिढीचे 'कोयनेल', वेगळे केले. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांना व अधिकाऱ्यांना हिवतापावर कोयनेल घ्यावे लागे. ते इतके कडू की साखर, लिंबू, पाणी आणि जिन यांच्याशिवाय घशाखाली उतरत नसे. इंग्रज सरकारने १८६० पासून निलगिरीत व पुढे दार्जिलिंगच्या परिसरात सिंकोनाची लागवड केली. आपल्या महाबळेश्वरी, लिंगमळा येथेही तसा प्रयत्न झाला. तो मात्र तग धरू शकला नाही. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी क्विनीनयुक्त वायुमिश्रित पेयाचे एकस्व घेतले. टॉनिक वॉटरचा व्यापारी जन्म हा येथे झाला.

'बिटर लेमन' हे त्याचेच धाकटे भावंड. श्वेप्स कंपनीने १९५७ मध्ये ते इंग्लंडमध्ये बाजारात आणले. टॉनिक वॉटरमध्ये लिंबाचा रस व सालीसह वाटलेला गर घातला की बिटर लेमन होते. म्हणजे त्यात क्विनीनचा कडवटपणा आणि लिंबाच्या सालीचा कडवटपणा असे दोन्ही आहेत. अमेरिकेत १९३८ मध्ये निघालेले 'स्क्वर्ट' हे पेय ग्रेपफ्रूटच्या चवीचे आहे. मेक्सिकोत तशा पेयांबरोबर तकिला हे मद्य घेतात आणि त्या मिश्रणास 'पालोमा' म्हणतात. इटलीतील 'किनोत्तो' हे पेय त्याच नावाच्या लहान, कडू नारिंगापासून होते. ही सर्व पेये 'कडू-आंबट' या एकाच वर्गात बसत असली, तरी त्यांचा कडूपणा एकाच द्रव्यातून आलेला नाही. चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

कडवटपणा कोठून येतो?

निंबूवर्गीय फळांचा कडूपणा मुख्यतः दोन द्रव्यांमुळे येतो. ग्रेपफ्रूट व पपनस यांच्या सालीत, सालीखालच्या पांढऱ्या भागात व पडद्यात 'नारिंजिन' असते. ते खाताक्षणीच कडू लागते. दुसरे 'लिमोनिन'. मोसंबीचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. अखंड फळात लिमोनिनचे कडू नसलेले पूर्वरूप असते. फळ पिळल्यावर रसातील आम्लामुळे त्याचे लिमोनिनमध्ये रूपांतर होते.

आपल्या ग्रंथकारांनी फळाच्या अवयवांगणिक गुणभेद सांगितला आहे. मातुलुंगाचा, म्हणजे महाळुंगाचा, केसर लघु व दीपन आहे. साल मात्र तिक्त आणि दुर्जर असून वात, कफ व कृमी यांचा नाश करणारी आहे, असे सुश्रुतसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात आले आहे. एकाच फळाच्या गराचे आणि सालीचे कर्म वेगळे धरण्याची ही दृष्टी येथे फार उपयोगी पडते. कारण बिटर लेमन किंवा किनोत्तो पिताना आपण केवळ फळाचा रस पीत नसून सालीचा अर्कही पीत असतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नारिंजिन व लिमोनिन ही कडू द्रव्ये सामान्य मात्रेत चिंतेची नाहीत. ग्रेपफ्रूटमध्ये जी द्रव्ये औषधांशी भांडतात ती 'फ्युरानोकुमारिन' वर्गातील, उदाहरणार्थ बर्गामॉटिन. म्हणजे पेय किती कडू लागते यावरून ते किती धोक्याचे, हे जिभेला कळत नाही. लेबल वाचण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

रसविचार : तिक्त रस आणि तिक्त चव

तिक्त रस स्वतः रुचकर नसतो, तरी अरुची घालवितो, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितले आहे. भोजनापूर्वी थोडे कडू घेण्याची पाश्चात्त्यांची प्रथा याच अनुभवावर उभी आहे. १८२४ मध्ये व्हेनेझुएलात डॉ. सीगर्ट यांनी तयार केलेले 'अँगोस्तुरा बिटर्स' हे मुळात जठराचे औषधच होते. तेव्हा कडू-आंबट पेयामुळे क्षुधा वाढल्यासारखी वाटते, या ग्राहकाच्या सांगण्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

परंतु तिक्त रसाचे लेखन, क्लेदोपशोषण, ज्वरघ्न इत्यादी कर्म द्रव्याच्या पुरेशा मात्रेवर आणि समग्र द्रव्यावर अवलंबून असते. येथे तौलनिक मात्रा पाहू. साखरयुक्त टॉनिक वॉटरमध्ये साधारणतः १०० मिलिलिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास साखर असते. उत्पादनागणिक हा आकडा कमीजास्त होतो. क्विनीन मात्र लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आतच असते. एका पेल्यातील साखर त्यातील क्विनीनच्या सुमारे ८०० पट भरते. शुद्ध द्रव्यदृष्टीने पाहता हे मधुर-अम्ल पेय आहे. तिक्तता ही केवळ त्याची चव आहे. कफ-मेदोवृद्धी असलेल्या रुग्णाला हे पेय 'कडू आहे म्हणून' सुचविणे शास्त्राला धरून होणार नाही.

'साखरविरहित' प्रकारात साखर नसते हे खरे. तथापि त्यात क्विनीन तेवढेच असते आणि मद्याच्या संदर्भात त्याचा एक वेगळाच दोष आहे. तो पुढे येईल.

कोयनेल : अल्प मात्रा, परंतु सर्वांना अल्प नव्हे

अमेरिकेत वायुयुक्त पेयात क्विनीनची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ८३ भाग, म्हणजे लिटरमागे सुमारे ८३ मिलिग्रॅम आहे. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार क्विनीनचे क्षार, क्विनीन सल्फेट या रूपात मोजता, दशलक्ष भागांत १०० भागांपेक्षा अधिक असू नयेत. हिवतापाच्या चिकित्सेत प्रौढ व्यक्तीस क्विनीन सल्फेट साधारणतः ६०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, म्हणजे १८०० मिलिग्रॅम देत असत. ही मात्रा टॉनिक वॉटरमधून मिळवायची तर दिवसाला सुमारे १८ ते २२ लिटर पेय प्यावे लागेल. पावसाळ्यात 'टॉनिक वॉटर प्यायले की मलेरिया होत नाही' अशी समजूत ऐकू येते. ती निखालस चुकीची आहे हे एवढ्या गणितावरून ध्यानात यावे. अशा समजुतीने ज्वराची रक्ततपासणी लांबली, तर रुग्णाचे प्राण धोक्यात येऊ शकतात.

मग एवढ्या अल्प मात्रेची चिंता कशाला? कारण क्विनीनचे काही दुष्परिणाम मात्रेवर अवलंबून असतात, तर काही नसतात. मात्रेवर अवलंबून असणारा तो 'सिंकोनिझम' : कर्णनाद, शिरःशूल, हृल्लास, दृष्टिमांद्य. नेहमीच्या पेल्या-दोन पेल्यांत तो सहसा संभवत नाही. मात्रेवर अवलंबून नसणारा परिणाम अधिक गंभीर आहे. काही व्यक्तींच्या शरीरात क्विनीनच्या सान्निध्यात स्वतःच्याच रक्तबिंबिकांवर हल्ला करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. रक्तबिंबिकांची संख्या एकाएकी घसरते, त्वचेवर जांभळे ठिपके उठतात, हिरड्यांतून वा नाकातून रक्तस्राव होतो. अशा व्यक्तीला एका पेल्यातील क्विनीनही पुरे होते. मद्यासह टॉनिक वॉटर घेतल्यावर उद्भवलेल्या या विकारास वैद्यकीय वाङ्मयात १९६७ मध्ये 'कॉकटेल पर्प्युरा' असे नावच पडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रात्रीच्या पिंडिकोद्वेष्टनासाठी, म्हणजे पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांसाठी, क्विनीन वापरण्यावर १९९० च्या दशकापासून बंधने घातली आणि २०१० मध्ये पुन्हा कडक इशारा दिला, त्याचेही मुख्य कारण हेच.

आपल्या व्यवसायात याचे महत्त्व कोठे? भाद्रपद-आश्विनात ज्वर, अंगावर ठिपके आणि घटलेल्या रक्तबिंबिका असा रुग्ण आला की डेंग्यूचे निदान मनात प्रथम येते, आणि ते योग्यही आहे. औषधाच्या दुकानांत पपईच्या पानांच्या गोळ्यांची मागणी त्याच दिवसांत वाढते. परंतु डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली, आणि ठिपके व स्राव पुनःपुन्हा, विशेषतः समारंभांनंतर काही तासांतच उद्भवत असतील, तर 'टॉनिक वॉटर किंवा बिटर लेमन घेतले होते काय?' हा एक प्रश्न निदानाची दिशा बदलू शकतो. क्विनीन थांबविल्यावर रक्तबिंबिका बहुधा आठवड्याभरात पूर्ववत होऊ लागतात. कारण न शोधता केवळ रक्तपित्तघ्न औषधी देत राहिलो, तर पुढच्या पेल्याबरोबर व्याधी परत येईल. सक्रिय स्राव असलेल्या रुग्णास अर्थातच विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण नित्य घोकतो. येथे परिवर्जन अक्षरशः एका पेल्याचे आहे, आणि निदान समजले नाही तर ते घडणार नाही.

गर्भिणींच्या बाबतीत जर्मनीतील जोखीम मूल्यमापनाच्या संघीय संस्थेने २००५ मध्ये खबरदारी म्हणून क्विनीनयुक्त पेये टाळण्याचा सल्ला दिला आहे. कर्णनाद, दृष्टिनाडीचे विकार, रक्तकण फुटल्यामुळे होणारा पांडू आणि क्विनीनची असात्म्यता असणाऱ्यांनीही ती वर्ज्य करावीत; हृदयाच्या गतीचे विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी चिकित्सकाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

ग्रेपफ्रूट व पपनस : मिक्सरमुळेच लागलेला शोध

ग्रेपफ्रूट हे पपनस व संत्रे यांच्या संकरातून, अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर निपजलेले फळ. त्याचा औषधांशी असलेला विरोध उघड झाला तो योगायोगाने, आणि तोही त्याच्या मिक्सर म्हणून केलेल्या वापरामुळे. कॅनडातील लंडन (ऑन्टारिओ) येथे डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा मद्याशी होणारा संयोग तपासत होते. मद्य कोणाला दिले व कोणाला नाही हे चवीवरून कळू नये, म्हणून त्यांनी दोन्ही पेल्यांत ग्रेपफ्रूटचा रस घातला. पाहतात तो दोन्ही गटांत रक्तातील औषधाची मात्रा अपेक्षेच्या कितीतरी पट! हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये त्यांनी मद्य वगळून केवळ रसाचा परिणाम तपासला व तो निर्विवाद ठरला.

यामागील कार्यकारण असे. आतड्याच्या अंतस्त्वचेत सायटोक्रोम '३ए४' नावाचा विकर असतो. तोंडावाटे घेतलेल्या अनेक औषधांचा काही अंश तो रक्तात पोचण्यापूर्वीच निष्प्रभ करतो, आणि औषधाची नेहमीची मात्रा हे गृहीत धरूनच ठरलेली असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन या विकरास कायमचे निकामी करतात. नवा विकर तयार होण्यास एक ते तीन दिवस लागतात. तोपर्यंत तीच गोळी दुप्पट-तिप्पट मात्रेसारखी वागते. यास्तव 'गोळी सकाळी घ्या, रस संध्याकाळी प्या' असा तोडगा येथे चालत नाही.

योगवाही द्रव्याची कल्पना आपणांस नवी नाही. पिंपळी-मिरीतील पायपेरीन हेही याच विकराला काही अंशी अडविते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. फरक असा की, योगवाही द्रव्याची योजना वैद्य मात्रा व काल पाहून करतो. मेजवानीतील ग्रेपफ्रूटचा पेला मात्र कोणी विचारपूर्वक योजिलेला नसतो.

लक्षात ठेवावयाची काही औषधे : सिम्व्हास्टॅटिन व काही प्रमाणात अटोर्व्हास्टॅटिन, फेलोडिपिन व निफेडिपिन, अमिओडारोन, अवयव-प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस. बेली यांनीच २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ग्रेपफ्रूटशी संयोग होऊ शकणाऱ्या ८५ हून अधिक औषधांची गणना असून, त्यांपैकी ४३ औषधांत हा संयोग गंभीर ठरू शकतो असे म्हटले आहे. याउलट रोसुव्हास्टॅटिन व प्रॅव्हास्टॅटिन यांना ही बाधा नाही. फेक्सोफेनाडिन या शीतपित्त-प्रतिश्यायात दिल्या जाणाऱ्या गोळीच्या बाबतीत परिणाम उलटा होतो. फळांच्या रसाबरोबर तिचे शोषण घटते. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

आपल्याकडे ग्रेपफ्रूट क्वचित, परंतु पपनस परिचयाचे आहे. गोमंतकात गणेशचतुर्थीच्या माटोळीलाही ते बांधतात. त्यातही फ्युरानोकुमारिन असतात, आणि पपनसाच्या रसामुळे सायक्लोस्पोरिनची रक्तातील मात्रा वाढते असे २००६ च्या एका अभ्यासात दिसले आहे. मार्मालेडसाठी वापरल्या जाणाऱ्या कडू नारिंगाचाही यात समावेश होतो. मोसंबी, नागपुरी संत्रे व नेहमीच्या प्रमाणातील लिंबाचा रस यांबाबत मात्र अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. रुग्णाला सरसकट 'आंबट वर्ज्य' सांगून घरच्या लिंबूसरबताला मुकविणे योग्य नव्हे.

बाटलीबंद ग्रेपफ्रूट पेयांत प्रत्यक्ष रस किती, यावर परिणाम अवलंबून असतो. केवळ कृत्रिम स्वाद असेल तर चिंता नाही. रस अथवा सालीचा अर्क असेल तर वरील औषधे घेणाऱ्याने ते टाळावे. रसाचे प्रमाण लेबलवर दिलेले असते.

मद्यात मिसळल्यावर काय होते?

कडू, आंबट, गोड आणि फसफस या चारही गोष्टी मिळून मद्याचा तीक्ष्ण स्वाद झाकतात. मिक्सरचे प्रयोजनच ते आहे. त्यामुळे पिणाऱ्यास मात्रेची जाणीव राहत नाही. ही झाली चवीची बाब. शोषणाचीही एक बाजू आहे.

१. इंग्लंडमधील २००७ च्या एका अभ्यासात २१ जणांना व्होडका साध्या पाण्यात व वायुयुक्त पाण्यात मिसळून दिली गेली. त्यांपैकी १४ जणांत वायुयुक्त मिश्रणातून मद्याचे शोषण अधिक वेगाने झाले.

२. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे २००६ मध्ये साखरयुक्त व साखरविरहित मिक्सर यांची तुलना झाली. साखरविरहित पेयाबरोबर जठर सुमारे २१ मिनिटांत अर्धे रिकामे झाले, साखरयुक्त पेयाबरोबर ३६ मिनिटांत. रक्तातील मद्याची कमाल पातळीही साखरविरहित मिश्रणात लक्षणीय अधिक आढळली.

हे अभ्यास थोड्या व्यक्तींवरील आहेत, तरी त्यांची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रमेही रुग्ण साखर टाळण्यासाठी साखरविरहित टॉनिक निवडतो, तेव्हा त्याच मद्याचा अंमल लवकर व अधिक चढू शकतो. मद्य यकृतातील शर्करानिर्मितीस अडथळा करते. त्यातच तो उपाशीपोटी असेल, आणि इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळी घेत असेल, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे पाहून भोवतालची मंडळी 'चढली आहे' असे समजतात आणि साखर देण्याची वेळ निघून जाते. प्रमेही रुग्णाच्या कुटुंबीयांना हे एक वाक्य अवश्य सांगावे.

ग्रंथांत मद्यासह बीजपूर नाही काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. आहे. वातज मदात्ययाच्या चिकित्सेत बीजपूर, वृक्षाम्ल, कोल, दाडिम इत्यादींनी युक्त मद्य चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. परंतु ती व्याधीची चिकित्सा आहे. तेथे दोष, मात्रा, काल यांचा विचार वैद्याकडे आहे. त्याच अध्यायात मद्याचे गुण ओजाच्या गुणांच्या विरुद्ध असल्याचे सविस्तर विवेचन आहे, हेही विसरू नये. त्या श्लोकांचा आधार घेऊन जिन-टॉनिकला शास्त्रमान्यता देणे हा ग्रंथांवर अन्याय होईल.

आसव-अरिष्टांबाबत

आसव-अरिष्टे कडू व उग्र लागतात म्हणून ती सोड्यात किंवा लिंबाच्या शीतपेयात घेऊ का, असे काही रुग्ण विचारतात. त्यांतील मद्यांश स्वयंजनित असला तरी तो मद्यांशच आहे. भोजनोत्तर, समभाग साध्या पाण्यासह ही रूढ रीत सोडण्याचे काहीच कारण नाही. शीतपेयात चव झाकली गेली की मात्रा वाढते. साखरेची भर पडते ती वेगळीच. आणि क्विनीनयुक्त पेय असेल तर औषधात नसलेले एक द्रव्य आपण नकळत मिसळतो. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरम घेणाऱ्या रुग्णास तर आसव-अरिष्ट मुळीच देऊ नये. अल्प मद्यांशानेही त्याला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. अशा वेळी क्वाथ, चूर्ण वा वटी या कल्पनांचा आश्रय घ्यावा.

चिकित्सकांसाठी : विचारावयाचे प्रश्न

आहारविहाराची पृच्छा करताना पुढील पाच प्रश्न जोडावेत. दोन मिनिटेही लागत नाहीत.

१. टॉनिक वॉटर, बिटर लेमन किंवा ग्रेपफ्रूटचे पेय घेता काय? नुसते की मद्यासह?
२. आठवड्यातून किती वेळा, एका वेळी किती?
३. साखरयुक्त की साखरविरहित?
४. सध्या कोणत्या आधुनिक औषधांच्या गोळ्या चालू आहेत? शक्य तर वेष्टने दाखवा.
५. असे पेय घेतल्यानंतर कधी अंगावर ठिपके, कर्णनाद, छातीत धडधड झाली आहे काय?

'मद्य घेता का' या प्रश्नाला रुग्ण बहुधा 'नाही' असे उत्तर देतो. 'शीतपेये कोणती आवडतात' असे विचारले की बोलणे मोकळे होते, आणि बरेचदा खरे उत्तरही त्यातूनच मिळते.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या दुकानात 'टॉनिक' हा शब्द शक्तिवर्धक औषधासाठी वापरला जातो. त्यामुळे 'टॉनिक वॉटर अशक्तपणावर चालेल का', 'बाळंतिणीला देऊ का' असे प्रश्न येतात. उत्तर स्पष्ट 'नाही' असे द्यावे. हे पेय बल्य नाही, रसायन नाही. ते क्विनीनची चव दिलेले शीतपेय आहे.

शीतकपाटात अशा बाटल्या ठेवत असाल, तर त्या प्रोटीनयुक्त पेये किंवा क्षारजलाच्या पाकिटांशेजारी ठेवू नयेत. शेजारामुळेच ग्राहकाची समजूत होते. घटकांच्या यादीत 'क्विनीन' हा शब्द शोधण्याची सवय दुकानातील मदतनिसांना लावावी. त्यांना पटवून देण्याचा एक सोपा प्रयोग आहे. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली काचेच्या पेल्यात ओतलेले टॉनिक वॉटर धरावे. क्विनीनमुळे ते फिकट निळ्या प्रकाशाने चमकते, साधा सोडा चमकत नाही. यावरून क्विनीनचे अस्तित्व कळते, प्रमाण मात्र कळत नाही.

स्थूलतेवरील काही कॅप्सूलमध्ये कडू नारिंगाचा अर्क असतो. त्यातील सायनेफ्रिन हे द्रव्य उत्तेजक आहे. रक्तदाब किंवा हृद्रोग असलेल्या ग्राहकास, 'फळाचाच अर्क आहे' या भरवशावर, अशा कॅप्सूल परस्पर देऊ नयेत.

सिम्व्हास्टॅटिन, अमिओडारोन, टॅक्रोलिमस यांसारख्या औषधांचे चिठ्ठीवरून वितरण करताना 'ग्रेपफ्रूट व पपनस टाळा' एवढे वाक्य पाकिटावर लिहावे. गणेशोत्सवाच्या दिवसांत, पपनसाच्या हंगामात, ते तोंडानेही सांगावे.

उपसंहार

निरोगी, प्रौढ, गर्भिणी नसलेल्या आणि नित्य औषध न घेणाऱ्या व्यक्तीने कधीमधी पेलाभर बिटर लेमन घेतले, तर भिण्याचे कारण नाही. सर्वांना सरसकट मनाई केली की ज्याला खरोखर मनाई हवी त्यालाही ती कानाआड करावीशी वाटते. म्हणून मनाई नेमकी असावी : ज्याला एकदा क्विनीनमुळे ठिपके उठले त्याला आयुष्यभर, गर्भिणीला गर्भावस्थेत, अमिओडारोन वा टॅक्रोलिमस घेणाऱ्याला ग्रेपफ्रूट-पपनसापुरती, प्रमेही रुग्णाला साखरेच्या हिशेबाने आणि मद्यासह असेल तर अधिकच कडक.

अनुपानाची निवड करताना आपले शास्त्र द्रव्य, दोष, काल आणि व्याधी पाहते. रुग्ण घरी, समारंभात वा प्रवासात जे पितो ते कोणी निवडून दिलेले नसले, तरी औषधाबरोबर पोटात जाते आणि अनुपानाचेच काम करते. ते कोणते हे विचारून घेतले, तर औषधयोजना अधिक निर्दोष होईल. वाचक वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी अशा पेयांनंतर उद्भवलेल्या लक्षणांची तारीख, पेयाचे घटक, घेतलेली मात्रा आणि चालू औषधे यांची नोंद आपल्या वहीत अवश्य ठेवावी. अशा नोंदींतूनच पुढच्या रुग्णाचे निदान लवकर होईल.